आठवीचा फॉर्म कोणी भरला?

जून आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत दोनच विषय असतात, पेरणी आणि शाळा. कर्जाची मागणीही या दोनांचीच. बियाण्याला किती, खताला किती, हे बाया तोंडपाठ सांगतात. शाळेचं विचारलं तर वह्या, गणवेश, दप्तर, एस.टी.चा पास, इतकं सांगून थांबतात. मागच्या जूनमध्ये मी एका बैठकीत विचारलं, "पोरगी नववीत गेली ना? विषय कुठले घेतले?" आई म्हणाली, "ते सरांनी भरलं असंल की. मी सही केली."

त्या सहीवरून आजचं बोलणं सुचलं. शाळेत कुठले विषय शिकायचे, कुठल्या विषयांत पास झालं की शिक्षण पुरं झालं म्हणायचं, हे आपल्या सातारा-सांगलीत कोण ठरवत आलं, आणि त्यात मुलींच्या वाट्याला काय आलं, याची ही गोष्ट आहे. गोष्ट जुनी आहे, पण तुमच्या-माझ्या घरातली आहे.

आधी आपल्या आजीच्या काळातली शाळा समजून घेऊ. तेव्हा मराठी चार इयत्ता झाल्या की रस्त्याला फाटा फुटायचा. एक रस्ता मराठी शाळेतच सातवीपर्यंत जायचा. त्याच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. "आमचे आजोबा फायनल पास होते," असं अजून म्हातारी माणसं अभिमानाने सांगतात. फायनल झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठी होऊ शके. दुसरा रस्ता इंग्रजी शाळेचा. तिथे पुन्हा पहिली इंग्रजी, दुसरी इंग्रजी असं मोजत सातवी इंग्रजीपर्यंत जायचं आणि मग मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. चार आणि सात मिळून अकरा वर्षं. कॉलेज, वकिली, डॉक्टरी, सगळं या दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला. या इंग्रजी शाळा होत्या सातारा, कराड, वाई, सांगली, मिरज अशा मोठ्या गावांत. म्हणजे खेड्यातलं पोर नऊ-दहा वर्षांचं असतानाच ठरून जायचं की ते मॅट्रिकच्या वाटेला लागणार की नाही. हुशारीवरून ते ठरत नव्हतं. गावाबाहेर कोणाकडे राहायची सोय आहे का, यावरून ठरायचं.

ही अडचण कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमकी ओळखली. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. राहण्याची सोय झाली तर खेड्यातलं पोर फाट्यावर अडणार नाही, असा तो विचार. पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या अन्नासाठी मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. मला मात्र मोठी झाल्यावर ती गोष्ट ऐकताना दर वेळी एक प्रश्न पडतो. एका बाईच्या मंगळसूत्रावर ज्यांचं जेवण झालं त्या पंगतीत मुली किती होत्या? हा कर्मवीरांना दोष नाही. त्यांनी मुलींसाठीही पुढे काम केलं, साताऱ्याचं जिजामाता अध्यापिका विद्यालय त्यांच्याच संस्थेचं. पण तो काळच असा होता की मुलगा घराबाहेर राहून शिकला तर कौतुक आणि मुलगी राहिली तर चर्चा.

मुलींनी काय शिकावं यावर वाद मात्र त्याच्याही आधी चाळीस वर्षं पेटलेला होता. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. आज त्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र असे मुलांसारखे विषय शिकवायचे ठरले. त्यावर लोकमान्य टिळकांनी 'मराठा' पत्रातून टीका केली. मुलींना घरात उपयोगी पडेल ते शिकवावं, शाळेचे तासही घरकाम सांभाळून असावेत, असं त्यांचं म्हणणं. लोकमान्य फार मोठे, पण या बाबतीत मला त्यांचं पटत नाही, आणि तसं म्हणायला मला आता भीतीही वाटत नाही.

भीती न वाटण्याचं एक कारण आपल्याच मातीतलं आहे. टेंभू म्हटलं की आज आपल्याला पाणी आठवतं. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बायांना तर टेंभू योजनेचं आवर्तन कधी सुटणार याचीच काळजी. पण कराड तालुक्यातल्या याच टेंभू गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी इतकी की मॅट्रिक व्हायला त्यांना कराडहून पार अकोल्यापर्यंत नातेवाइकांच्या आधाराने जावं लागलं. टिळकांचे ते मित्र, पुढे मतं फाटली. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं. त्यांच्या एका निबंधाचं नावच आहे, 'स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें व तेंही एकत्र द्यावें'. इतकं सरळ, की आत काय लिहिलंय ते नावावरूनच कळावं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळापूर्वी टेंभूचा माणूस म्हणत होता की मुलीला वेगळे विषय नकोत. टेंभूचं पाणी आपल्या शिवारात यायला जितका वेळ लागला, त्यापेक्षा हा विचार घरात यायला जास्त लागला.

मधला एक रस्ता महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी काढला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, पाच विद्यार्थिनींवर. शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी होतं, पण माध्यम म्हणून नाही. गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय आवश्यक, आणि गणित ऐच्छिक. कर्व्यांचा हिशेब असा की बहुतेक मुलींचं लग्न लवकर होणार, मॅट्रिकच्या इंग्रजी आणि गणितात अडकून त्या शिक्षणच सोडतात, तर त्यांना झेपेल आणि उपयोगी पडेल असा अभ्यास द्यावा. सातारा आणि वाईची कन्याशाळा कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचीच. म्हणजे हा विचार आपल्या जिल्ह्यात नुसता वाचला गेला नाही, त्यावर मुली शिकल्या.

कर्व्यांबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. ज्या बालविधवेला कोणी दारात उभं करत नव्हतं तिला त्यांनी पदवीपर्यंत नेलं. गणित आवश्यक ठेवलं असतं तर त्यातल्या कितीतरी जणी शाळेतच आल्या नसत्या. हे खरं. पण त्यांच्या विद्यापीठाला सरकारी कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर मिळाली. तोवर त्या पदवीला बाहेर मुंबई विद्यापीठाच्या पदवीइतकी किंमत नव्हती. सोपा रस्ता दिला की आज पाय दुखत नाहीत, पण तो कुठपर्यंत जातो हे आधी विचारावं लागतं. आपण गटात कर्ज घेताना विचारतो ना, हप्ता कमी आहे खरा, पण किती वर्षं? तसंच.

आता स्वातंत्र्यानंतरचं. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून निघून १९४९ पासून नव्या मंडळाची एस.एस.सी. सुरू झाली. तेव्हा आपला सांगली जिल्हा नव्हता, दक्षिण सातारा होता. सांगली हे नाव १९६० सालचं. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प कर्मवीरांनी केला आणि खेडोपाडी हायस्कुलं उभी राहू लागली. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ई.बी.सी.ची फी सवलत आणली. शाळा जवळ आली, फी गेली. फाटा आता चौथीवर राहिला नाही, आठवीवर आला.

आणि इथे गंमत झाली. गंमत म्हणायची खरी, पण हसू येत नाही. एस.एस.सी. अकरावीला होती आणि विषयांत निवड होती. बीजगणित-भूमिती घ्यायची किंवा नुसतं अंकगणित. शास्त्र घ्यायचं किंवा शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्र. गृहशास्त्र होतं, चित्रकला होती. इंग्रजीसुद्धा आठवीपासून सुरू व्हायचं, आणि त्याशिवायही एस.एस.सी. पास होता यायचं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर सांगितलंच होतं की मुलांच्या आवडीप्रमाणे अभ्यासाचे सात गट करा, शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला वगैरे. सातवा गट गृहविज्ञानाचा. आवडीप्रमाणे म्हणाले, पण सातवा गट कोणासाठी होता ते सांगायला आयोग कशाला हवा?

आमच्या एका गटात सगळ्यांत थोरल्या एक काकी आहेत. त्या १९६० नंतरच्या एस.एस.सी. परवा त्यांना मी म्हटलं, काकी, तुमच्या वेळचं सांगा. त्या म्हणाल्या, "आठवीत सरांनी पोरांना एका बाकावर बोलावलं, पोरींना दुसऱ्या. पोरींचं लिहून टाकलं, अंकगणित, गृहशास्त्र. मी वर्गात दुसरी होते. मला वाटलं, बरं झालं, भूमिती सुटली." अकरावीला चांगल्या मार्कांनी पास झाल्या. धाकटा चुलता मोकळ्या मनाचा, कॉलेजला घेऊन गेला. काकींना शास्त्र घेऊन पुढे डॉक्टरीकडे जायचं होतं. खिडकीवरच्या माणसाने मार्कलिस्ट पाहिली आणि म्हणाला, शास्त्राला बीजगणित-भूमिती लागते. ही नाही. "मी चुलत्याकडं बघितलं, चुलता माझ्याकडं. आठवीत कोणी सांगितलंच नव्हतं." काकी घरी आल्या, पुढच्या वैशाखात लग्न झालं. त्यांचा मागचा भाऊ त्याच शाळेत होता, मार्क कमी होते, पण त्याच्या बाकावर बीजगणित लिहिलेलं होतं. तो पुढे शेती खात्यात लागला.

मला या गोष्टीत कोणी खलनायक दिसत नाही. सर वाईट नव्हते. त्यांना वाटलं पोरींचं सोपं केलं. वडिलांनी तर काही केलंच नाही. फॉर्म भरला गेला. नापास झालेल्या मुलीला निदान कळतं की दार बंद झालं. काकींना दार बंद झाल्याचं तीन वर्षांनी कळलं, आणि तेही पास झाल्यावर.

ही गोष्ट एकट्या काकींची नव्हती म्हणूनच वर दिल्लीत तिची दखल घेतली गेली. मुला-मुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे पाहायला हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९६४ साली तिने सांगितलं की शाळेत असा भेद करू नये. घरकाम शिकवायचं तर मुलांनाही शिकवा. त्यानंतर कोठारी आयोगाने, १९६४ ते ६६, तेच उचलून धरलं आणि म्हटलं की पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना आवश्यक. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तिथला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली एस.एस.सी. झाली. आगरकरांचा निबंध असा ऐंशी-नव्वद वर्षांनी वेळापत्रकात आला.

तेव्हाची ओरड मोठ्या बहिणींकडून ऐकलेली आहे. पोरी गणितात धडाधड नापास होतात, कशाला पाहिजे त्यांना बीजगणित, चुलीपुढं काय भूमिती मांडायची आहे? नापास होत होत्या हे खरं. ज्या घरात मुलीने शाळेतून येऊन पाणी भरायचं, भाकरी थापायची आणि मुलाने शिकवणीला जायचं, त्या घरातली मुलगी गणितात मागे पडणारच. एकच अभ्यासक्रम केला म्हणून वेळ एक झाला नाही. तरी मी म्हणेन की ते केलं ते बरं केलं. नापास झालेली मुलगी ऑक्टोबरला पुन्हा बसू शकत होती. काकींना बसायला परीक्षाच नव्हती.

मधल्या काळात पुन्हा एकदा सोपी वाट आली. नववी-दहावीला सामान्य गणित घ्यायचा पर्याय मिळाला. ज्यांना खरंच गणित झेपत नाही त्यांना तो आधार होता, नाही म्हणत नाही. पण गणित लागणाऱ्या वाटा त्यामुळे पुढे अडायच्या, हे फॉर्म भरताना घरात कोणाला ठाऊक नसायचं. २०१७ पासून नववीला तो पर्याय बंद झाला.

मग आज काय आहे? सहा विषय, प्रत्येकी शंभर गुण. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं. ऐंशीची लेखी आणि वीसची शाळेतली. पास व्हायला ३५. शिवाय श्रेणीचे विषय, त्यात आता जलसुरक्षाही आहे. माण आणि जत तालुक्यातल्या बायांनी हा विषय शिकवायला जावं, पुस्तक लागणार नाही. दहावीपर्यंत आता गणित-विज्ञानातून सुटका नाही, म्हणून आपल्याला वाटतं की निवडण्यासारखं उरलं नाही आणि सही करून मोकळ्या होतो. पण नववीला भाषा निवडायची असते, पूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त. काही शाळांत एका भाषेच्या जागी व्यवसाय विषय घेता येतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आधी दिल्या असतील तर दहावीला त्याचे जादा गुण मिळतात, हे तर सातवी-आठवीतच कळायला हवं. दहावीत कळून उपयोग काय?

आणि जो खरा फाटा आहे तो आता अकरावीवर सरकला आहे. तिथे काकींची गोष्ट नव्या कपड्यांत येते. शास्त्र शाखा घेतली, पण गणित सोडून जीवशास्त्र ठेवलं, की इंजिनिअरिंगची वाट गेली. गणित ठेवून जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरी, नर्सिंगकडची गेली. दोन्ही ठेवता येतात, ओझं जास्त. जुलै २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आमच्या गटांत हे ऐकून बायांनी टाळ्या वाजवल्या. एक जण मात्र गप्प होती. तिची मुलगी तेव्हा बारावीत होती, कला शाखेत. दहावीला गणितात ८१ होते. मी विचारलं, मग शास्त्र का नाही? "शास्त्राचं कॉलेज तालुक्याला. कलेचं गावाजवळ. घरची म्हणाली, जवळचं बरं."

मी स्वतः बी.ए. आहे, आणि कला शाखेला कमी मानत नाही. माझ्या पोटापाण्याचं कामच माणसांशी बोलण्याचं आहे. पण मीही जवळचं म्हणूनच घेतलं होतं. अकरावीला कुठले विषय असतात याची यादी मी पहिल्यांदा पाहिली ती प्रवेश झाल्यावर.

म्हणून यंदा आम्ही आमच्या गटांत एक करतोय. ज्यांची मुलगी आठवी, नववी किंवा दहावीत आहे त्यांनी शाळेतून विषयांचा फॉर्म घरी आणायचा आणि सही करण्याआधी गटाच्या बैठकीत वाचायचा, मुलगी शेजारी बसवून. मुलीने मोठ्याने वाचायचा. गटातल्या निम्म्या बायांना वाचता येतं, निम्म्यांना ऐकता येतं. न समजलेलं लिहून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींनी मिळून शाळेत जाऊन विचारायचं. पहिल्या बैठकीत तीन फॉर्म आले. त्यातल्या एका मुलीला संस्कृत हवं होतं आणि फॉर्मवर आधीच पूर्ण हिंदी लिहिलेलं होतं. शाळेने बदलून दिलं, काही अडचण केली नाही. विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमच्यापैकी ज्यांची स्वतःची शाळा राहून गेली त्यांच्यासाठीही एक सांगते, कारण गेल्या वेळच्या कार्यक्रमानंतर तेच विचारायला फोन आले होते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. किमान पाचवी पास असावं आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण झालेली असावीत. वरच्या वयाला मर्यादा नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो काढून ठेवा. दाखला हरवला असेल तर मूळ शाळेतून दुय्यम प्रत मागा. त्यालाच वेळ लागतो, तेव्हा ते आधी करा. फॉर्मच्या तारखा मंडळ दर वर्षी जाहीर करतं, त्या जवळच्या हायस्कूलमध्ये कळतात.

यंदा आमच्या इथून चौघी भरताहेत. त्यात एक आठवीतून शाळा सुटलेली, दोन मुलांची आई आहे. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, गणित घ्यावंच लागतं का?"

काकी शेजारी बसल्या होत्या. माझ्याआधी त्याच बोलल्या, "घे बाई. घे."